वसतिगृहात पॅडचं मशीन घ्यायचं आहे, पण मुली काय वापरायचं हे ठरवतात कशावरून?

पानमळा

तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय आणि त्याला जोडून मुलींचं वसतिगृह. मुली १२०, वय १७ ते २२. बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या, शनिवारी एसटीने घरी जाऊन सोमवारी सकाळी परतणाऱ्या. महिला विकास कक्षाकडे ४० हजार रुपये आहेत आणि ते पाळीच्या सोयीवरच खर्चायचे आहेत. समितीचं म्हणणं, पॅडचं मशीन (नाणं टाकलं की पॅड निघतं ते) आणि वापरलेले पॅड जाळायची विजेची भट्टी घेऊन मोकळं व्हावं.

त्याआधी मुलींकडून बिननावाच्या चिठ्ठ्या भरून घेतल्या. 'तुम्ही काय वापरता?' एवढाच प्रश्न. ९१ जणींनी पॅड लिहिलं, ५८ जणींनी कापड, तिघींनी कप (आत बसवून रक्त साठवायचा मऊ पेला), टॅम्पॉन (आत घालायची शोषक गुंडाळी) कोणीच नाही. बेरीज १२० च्या पुढे गेल्यामुळे समितीतल्या सरांनी चिठ्ठ्याच बाद ठरवल्या.

मुलींची निवड कशावरून ठरते, आणि ते लक्षात घेऊन हे पैसे कुठे घालावेत? 'जागृती करा' सोडून सांगा. व्याख्यानं दरवर्षी होतात.

मोजपट्टी

चिठ्ठ्या बाद करू नका. बेरीज बरोबर आहे, प्रश्न अपुरा आहे. एकच मुलगी कॉलेजात पॅड लावते, घरी गेली की कापड घेते, चौथ्या-पाचव्या दिवशी वसतिगृहातही कापडावरच भागवते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची उत्तरं पाहा: सॅनिटरी नॅपकिन ६४ टक्के, कापड ५० टक्के, स्थानिक बनावटीचे नॅपकिन १५ टक्के. तिथेही बेरीज शंभराबाहेर जाते, कारण एकीला अनेक उत्तरं द्यायची मुभा होती. सरांना हे दाखवा.

याच पाहणीतला '७८ टक्के मुली स्वच्छ साधन वापरतात' हा आकडा भाषणांत फार फिरतो. त्यामागची व्याख्या मात्र कोणी सांगत नाही. नॅपकिन, टॅम्पॉन किंवा कप यांपैकी काहीही वापरलं की 'स्वच्छ'. म्हणजे साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवलेलं कापड अस्वच्छात जातं आणि दहा तास न बदललेलं पॅड स्वच्छात. बारा वर्षं किंवा जास्त शिकलेल्यांत हे प्रमाण ९० टक्के, अजिबात शाळेत न गेलेल्यांत ४४. शहरात ९०, खेड्यात ७३. शिक्षणाने फरक पडतोच, पण शिकणारी मुलगी दिवसाचे आठ-दहा तास घराबाहेर असते, हेही त्या आकड्यात मिसळलेलं आहे.

चिठ्ठी पुन्हा काढणार असाल तर चार ओळींचा तक्ता द्या: घरी, वर्गात, प्रवासात, रात्री. प्रत्येक ओळीपुढे काय वापरलं ते. खाली चारच प्रश्न: गेल्या पाळीत दुसऱ्या दिवशी किती वाजता बदललं (वेळा लिहायच्या, 'किती वेळा' विचारायचं नाही, सगळ्या 'तीन-चार' लिहितात), शेवटचा पुडा कोणी विकत आणला, वापरलेलं कुठे टाकलं, आणि कापड असेल तर कुठे वाळवलं. 'का निवडलं?' हा प्रश्न विचारूच नका. त्याला सगळ्या 'स्वच्छतेसाठी' लिहितात, कारण व्याख्यानात तेच ऐकलेलं असतं. आधी वीस जणींवर करून बघा आणि चिठ्ठ्या बंद खोक्यात टाकायला लावा, हातात घेऊ नका.

घडीचं_लुगडं

मोजपट्टी म्हणतात त्या तक्त्यातून बहुधा हेच निघेल की निवड पॅडची नसतेच, तासांची असते.

सोमवारी एसटीने येणारी मुलगी सकाळी साडेसहाला घर सोडते आणि वर्ग आटोपून दुपारी तीनला वसतिगृहाच्या खोलीवर पोचते. मधल्या साडेआठ तासांत तिला बदलायला जागा मिळेल याची खात्री नसते. स्वच्छतागृहाला कडी नाही, नळाला पाणी नाही, टाकायला डबा नाही. मग ती दुकानात जाऊन २८० किंवा ३२० मिलीमीटरचं पॅड घेते. साध्या २४० च्या पॅडवर तिचा रक्तस्राव सहज भागला असता, लांबी फक्त जास्त तास काढायला घेतलेली असते. पूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, ८० च्या वर गेलं तर ते जास्त मानतात. म्हणजे बहुतेकींची अडचण पॅडच्या क्षमतेची नाही. ओलं पॅड आठ तास मांडीला घासत राहतं, कातडी सोलवटते, मग 'या कंपनीचं सोसत नाही' म्हणून ती कंपनी बदलते. तुमच्या मशीनमधून निघणारं पॅड बहुतेक वेळा २४० चं, पातळ, तीन घड्यांचं असतं. ते अचानक पाळी आली तर कामाचं. रोजच्यासाठी मुली ते घेणार नाहीत आणि समिती म्हणेल, बघा, मशीन दिलं तरी वापरत नाहीत.

दुसरी गोष्ट कापडाची. मुलींनी कापड सोडलं ते जाहिराती बघून, असं सरसकट म्हटलं जातं. थोडं घरातल्या कपाटात डोकावा. आजीचं सुती लुगडं आणि आजोबांचं धोतर धुऊन धुऊन मऊ झालेलं असे, त्याच्या घड्या रक्त नीट शोषून घेत. आता घरात नेसतात त्या साड्या बहुतेक सिंथेटिक. ते कापड शोषत नाही, नुसतं ओघळतं. चांगलं जुनं सुती कापडच घरातून संपलं, आणि जे उरलं ते वापरून मुलींना कापडाचा वाईट अनुभव आला. कापड वापरणाऱ्या तुमच्या ५८ जणींत काही टी-शर्टच्या होजिअरीवर असतील. ते चालतं, पण लवकर गोळा होतं.

तिसरी, पैसा कोणाच्या हातात आहे. दिवसाला चार आणि पाच दिवस धरले तर एका पाळीला २० पॅड. सहा रुपयांचं पॅड असेल तर १२०, दहाचं असेल तर २००. घरी पुडा आई आणते, किराण्याच्या यादीत तो शेवटी असतो आणि महिन्याला एकच येतो. पुड्यात सात किंवा आठ. मग तेच पहिले दोन दिवस पुरवायचे आणि पुढे कापड. तुमच्या चिठ्ठ्यांतली दोन-दोन उत्तरं इथून येतात. वसतिगृहात आल्यावर पैसे मुलीच्या हातात येतात, पण मेस, रिचार्ज आणि एसटीचा पास यांच्याशी पुड्याची झटापट चालूच राहते. जनऔषधी केंद्रात 'सुविधा' पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतं, म्हणजे २० पॅड २० रुपयांत. तालुक्याला केंद्र असेल तर साठा आहे का ते आधी विचारा, कारण फलक असतो आणि पुडे नसतात असंही होतं. राज्याच्या अस्मिता योजनेत २०१८ साली जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅड पाच रुपयांत होते. त्या वयात ज्यांनी ते वापरले त्या आता तुमच्याकडे आल्या असतील. सुरुवातीला जे हातात पडतं त्याचीच पुढे सवय होते, म्हणून पहिल्यांदा वापरलेलं पॅडच 'भरवशाचं' वाटणाऱ्या मुली तुम्हाला दिसतील.

आणि चौथी, काउंटरच्या पलीकडे कोण उभं आहे. मेडिकलवाला ओळखीचा, गावातलाच, शेजारी दोन गिऱ्हाईकं. मुलगी पॅडचं नाव घेत नाही, बोट दाखवते. जे दर्शनी फळीवर आहे तेच मिळतं, वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून. मागच्या फळीवर स्वस्त आणि चांगलं काही असलं तरी ते विचारायची सोय नाही. २०११ च्या केंद्राच्या योजनेत 'फ्रीडेज'चा सहा पॅडचा पुडा सहा रुपयांना आशाताईंच्या हातून देण्यामागे हाच विचार होता: घरपोच, बाईच्या हातून.

मैत्रिणीचा प्रभाव मोठा, पण तो ब्रँडपुरता. साधनच बदलायचं, म्हणजे कापडावरून पॅडवर किंवा पॅडवरून कपवर, ते न्हाणीघर ठरवतं.

दुपारची_ओपीडी

वरच्या मजकुराशी सहमत. आतून वापरायच्या साधनांबद्दल लिहिते, कारण टॅम्पॉन शून्य आणि कप तीन हे आकडे कुठल्याही अशा वसतिगृहात असेच येतील.

लग्न न झालेल्या मुली आणि त्यांच्या आया आधी पडद्याबद्दल विचारतात. योनीमुखाशी असलेला हा पातळ घडीचा भाग मुळात बंद नसतो. बंद असता तर पाळीचं रक्त बाहेर आलंच नसतं. त्याचा आकार प्रत्येकीचा वेगळा, तो ताणला जातो, कपने किंवा टॅम्पॉनने कधी थोडा फाटूही शकतो. त्याने प्रकृतीला काही होत नाही आणि त्यावरून कुणाचं 'कौमार्य' सांगता येत नाही. हे मुलींना एकदा कळतं, पण घरी आईला सांगायचं कसं हा प्रश्न उरतोच. म्हणून एखादी मुलगी 'मला नको' म्हणाली तर तिला अडाणी ठरवू नका.

कपची कृती थोडक्यात. हात साबणाने धुवा. कपची कड दुमडून इंग्रजी सी-सारखी करा, किंवा कडेचा एक भाग बोटाने आत दाबा. दुसऱ्या प्रकाराने टोक निमुळतं होतं, नवख्या मुलीला तेच सोपं. उकिडवं बसा, श्वास सोडत कंबरेच्या दिशेने तिरकं आत सरकवा, सरळ वर नको. आत गेल्यावर बुडाशी बोट फिरवून बघा, कप गोल उघडला असेल तर घडी लागणार नाही. गळती होते ती बहुतेक वेळा कप पूर्ण न उघडल्यामुळे. काढताना देठ ओढायचा नाही. बुडाला चिमटीत धरून दाबायचं, हवा आत शिरली की पकड सुटते, मग हळू बाहेर. जास्तीत जास्त १२ तासांनी रिकामा करायचा. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी पाच मिनिटं पूर्ण पाण्यात उकळायचा. भांड्याच्या तळाला टेकला तर जळतो, म्हणून चहाच्या गाळणीत ठेवून उकळा, आणि ती गाळणी पुन्हा चहाला नको.

सरावाला दोन-तीन पाळ्या लागतात, त्या काळात सोबत पॅड लावायचं. 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. वापर अंगवळणी पडल्यावर सुमारे ७० टक्के स्त्रियांना कप पुढे चालू ठेवायचा होता. म्हणजे कप वाटून परत जाणं निरुपयोगी, तिसऱ्या पाळीपर्यंत विचारायला कुणीतरी हवं. तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना तांबी सरकू शकते. पांढरं पाणी दुर्गंधीसह जात असेल, खाज असेल, तर आधी उपचार.

टॅम्पॉन चार ते आठ तासांत बदलायचं, आणि भागेल तेवढ्या कमी शोषणाचं घ्यायचं. ते आत असताना अचानक खूप ताप, उलट्या, चक्कर आणि अंगावर उन्हाने भाजल्यासारखा लालसरपणा आला तर काढून थेट दवाखाना. विषारी धक्क्याचा (टॉक्सिक शॉक) हा आजार क्वचित होतो, पण थांबून बघायचा नाही. कपबरोबरही मोजक्या वेळा तो झालेला आहे.

आणखी एक, हे भिंतीवर लावाच. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतायत, किंवा पाळी सात दिवसांपुढे जातेय, तर मोठं पॅड हा उपाय नाही. हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडे १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे.

हिरवी_वेल

इतका काथ्याकूट कशाला? पॅडमध्ये घातक रसायनं असतात हे टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेच्या २०२२ च्या अहवालात आलंय, दहाच्या दहा नमुन्यांत थॅलेट्स (प्लास्टिक मऊ करायला वापरतात ती रसायनं). केरळच्या कुंबळंगी गावात जानेवारी २०२२ मध्ये पाच हजार कप वाटले. ४० हजारांत १२० कप बसतात. मशीन नको, भट्टी नको, कचरा नको.

घडीचं_लुगडं

वेलताई, कुंबळंगीत वाटपाआधी प्रशिक्षण झालं होतं, तेवढा भाग सुटला.

हिशेब बसतो, वसतिगृह बसत नाही. कप उकळायचा कुठे? खोलीत शेगडीला बंदी. मेसच्या गॅसवर आचारीमामांसमोर? विजेची किटली चौघींत एक, तीत सकाळी मॅगी होते. सामायिक शौचालयात बेसिन बाहेर, म्हणजे भरलेला कप हातात घेऊन दार उघडून बाहेर यायचं. कपवाल्या तीन मुली बहुधा आत पाण्याची बाटली नेत असतील. पद्धत तीच आहे: अर्धा लिटरची बाटली आत न्या, कप शौचालयात रिकामा करा, तिथेच खळबळून पुन्हा घाला. पाणी नसेल तर स्वच्छ कागदाने पुसा आणि पुढच्या वेळी धुवा.

कप द्यायचेत तर ज्या मागतील त्यांना द्या, आणि कक्षाच्या खोलीत एक वेगळी किटली आणि झाकणाचे स्टीलचे डबे ठेवा. हजार-दीड हजारात होईल.

दुपारची_ओपीडी

अहवालाबद्दल दोन ओळी. थॅलेट्स सापडले हे खरं. पण नमुन्यात रसायन सापडणं आणि ते शरीरात किती जातं, त्याने काय होतं, या वेगळ्या गोष्टी. 'पॅड विषारी' असं ऐकून सुगंधी, 'हर्बल' असं लिहिलेलं महाग पॅड घेणाऱ्या मुली ओपीडीत पुरळ घेऊन येतात. सुगंध टाळा, चार ते सहा तासांनी बदला. एवढं केलं तरी बऱ्याच तक्रारी जातात.

कच्चा_माल

बचतगटाच्या पॅडची बाजू मांडतो, त्यातल्या खोटांसकट. समितीत कुणीतरी 'स्थानिक गटाकडून घेऊ' म्हणणारच आहे.

कोणतंही पॅड मधोमध कात्रीने कापून उघडा. वर जाळीचा किंवा मऊ पापुद्रा, मध्ये लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर, तळाला पातळ प्लास्टिक, मग चिकटपट्टी आणि सोलायचा कागद. मोठ्या कंपनीच्या पातळ पॅडमध्ये लगद्यात मिठासारखे दाणे दिसतील. पाणी लागलं की ते फुगून जेली होतात. जाहिरातीतल्या निळ्या पाण्याची करामत या दाण्यांची. साधं पाणी ते वजनाच्या शेकडो पट धरतात, रक्तात क्षार आणि प्रथिनं असल्यामुळे त्याहून खूपच कमी. 'कॉटन' नावाचा मऊ पापुद्राही बहुतेक वेळा सुती नसतो, प्लास्टिकच्या धाग्यांचा असतो. जाळीचा पापुद्रा कोरडा वाटतो पण मराठवाड्या-विदर्भातल्या उन्हाळ्यात घामाने चिकटतो. मऊ पापुद्रा थोडा ओलसर वाटतो, घासत कमी.

गटाच्या यंत्रावरच्या पॅडमध्ये बहुधा दाणे नसतात, म्हणून ते जाड. बिघाड ठरलेले. लगदा नीट पिंजला गेला नाही तर गाठी राहतात, चालताना थर गोळा होऊन एका टोकाला जातो. कडा चिकटवायचा साचा कमी तापला तर कड सुटते, जास्त तापला तर कड कडक होऊन टोचते. डिंक कमी पडला की पॅड सरकतं. पंख नसतील तर बाजूने गळतं. मुलगी एकदा वापरते, सायकलवर डाग पडतो, पुन्हा हात लावत नाही. गटाच्या बाया म्हणतात मुलींना ब्रँडचा सोस आहे. सोस नाही हो, डागाची धास्ती आहे.

घ्यायच्या आधी घरी चाचणी करा. लिटरभर पाण्यात चहाचा दीड चमचा मीठ, थोडा खायचा रंग. सुई काढलेली १० मिलिलिटरची सिरिंज घ्या. पॅड ताटात सपाट ठेवून मधोमध एकाच जागी ५ मिलिलिटर पाणी २० सेकंदांत सोडा, थांबू नका, असं सहा वेळा. म्हणजे मिनिटाला १५ प्रमाणे एकूण ३० मिलिलिटर. मग वर एक किलोचं वजन एक मिनिट ठेवा आणि पॅड उलटं करून बघा. तळाला किंवा कडेला ओल दिसता कामा नये. भारतीय मानक आयएस ५४०५ च्या १९८० सालच्या चाचणीचाच हा घरगुती अवतार. ते मानक २०१९ साली सुधारलं गेलं, आणि धुऊन वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४ हे वेगळं मानक आहे. त्यानंतर पापुद्र्यावर कोरडा टिश्यू दाबा. जितका ओला होईल तितकं ते पॅड अंगाला ओलं लागेल. तीन पुडे, प्रत्येकी दोन नमुने. गटाचं पॅड यात टिकलं तर बिनधास्त घ्या.

लाल_ठिपका

भट्टी घेण्याआधी एक हिशेब. पाळी पाच दिवसांची आणि चक्र २८ दिवसांचं धरलं तर १२० मुलींपैकी रोज साधारण २१ जणींची पाळी चालू असते. प्रत्येकीचे चार पॅड म्हटले तर दिवसाला ८४. भिंतीवर बसवायची छोटी विजेची भट्टी एका खेपेला मोजकेच पॅड घेते, त्यातही ते ओले. प्लास्टिक असलेली वस्तू जाळायला ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान टिकावं लागतं, ओल्या पॅडने ते आणखी उतरतं. मग धूर, वास आणि अर्धवट जळालेला काळा गोळा. कोंदट स्वच्छतागृहात तो विषारी धूर मुलींच्याच नाकात. धूर बाहेर न्यायची उंच चिमणी नसेल तर भट्टी नकोच. वीज गेली की पॅड आतच राहतात, आठवड्याने झाकण कुणी उघडत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक शौचालयात, आत, पायाने उघडायचा डबा. बाहेरच्या व्हरांड्यातला डबा मुली वापरत नाहीत, पॅड भांड्यात टाकतात आणि मैलानळी तुंबते. तुंबली की दोष मुलींना. डब्याशेजारी दोरीला टांगलेले जुन्या वर्तमानपत्राचे चौकोन ठेवा. पॅड आतल्या बाजूला गुंडाळायचं, कागदात बांधायचं, वर लाल ठिपका. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेने हीच पद्धत चालवली, कारण ठिपका दिसला की वेचणाऱ्या बाईला पुडी उघडून बघावी लागत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळून देणं बंधनकारक केलं होतं. डबे रोज रिकामे व्हायला हवेत, आणि ते काम करणाऱ्या मावशींना हातमोजे द्या, चिमटा द्या.

यालाही निवडीशी जोडा: जिथे डबा नाही तिथे मुली कापड निवडतात, कारण ते परत पिशवीत घालून नेता येतं.

पानमळा

सगळ्यांचे आभार. समितीपुढे असं मांडते आहे: भट्टी रद्द. मशीनऐवजी प्रत्येक मजल्यावर एक उघडा खण, त्यात दोन लांब्यांचे पॅड, 'लागेल ते घ्या, जमेल तेव्हा तेवढे नवे आणून ठेवा'. शौचालयांत डबे, आतून कड्या आणि बादली-मग. मागणाऱ्यांना कप. जनऔषधीतून महिन्याला घाऊक पुडे, मुलींना त्याच भावात.

मशीनवाला मात्र सोडत नाही, म्हणतो खण दोन दिवसांत रिकामा होईल. आणि ५८ कापडवाल्यांसाठी काय? गच्चीला कुलूप असतं, व्हरांड्यातल्या दोरीवर कापड कुणी टाकत नाही, खोलीत टॉवेलखाली वाळवतात.

घडीचं_लुगडं

खण पहिल्या आठवड्यात रिकामा होईलच. मुली साठा करून ठेवतात, कारण उद्या असेल याची खात्री नसते. दुसऱ्या, तिसऱ्या आठवड्यातही भरलेला दिसला की साठा थांबतो. पहिल्या महिन्याला दुप्पट माल धरा. मशीनमध्ये नाणं अडकतं, पॅड कोपऱ्यात आडवं होतं आणि चावी शिपायाकडे असते, तो सुट्टीवर. खणाला बिघडायला काही नाही.

कापडाचं असं. आधी थंड पाण्यात अर्धा तास भिजवायचं. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठतात आणि डाग धाग्यात बसतो. मग साबण, पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळणं. कपडे मऊ करायचं द्रावण घालू नये, कापड शोषेनासं होतं. गडद रंगाचं कापड मुली डाग लपवायला घेतात, पण नीट धुतलं गेलं की नाही ते त्यावर कळत नाही, फिकट रंगाचं घ्यायला सांगा. यासाठी झाकणाच्या बादल्या हव्यात, दोघींत एक.

वाळवायला गच्चीचा दक्षिणेकडचा कोपरा घ्या. तीन बाजूंनी पाच फूट उंचीचा पडदा, माथा उघडा म्हणजे ऊन थेट लागतं. पावसाळ्यासाठी वर पारदर्शक पत्रा, तो भिंतीपासून वीतभर वर उचललेला, नाहीतर हवा खेळत नाही आणि कापडाला कुबट वास धरतो. दोऱ्या तीन, हातभर अंतराने, चिमट्यांसकट. श्रावणात दोन दिवसांतही वाळत नाही तेव्हा इस्त्री लागते: सुती कापडाच्या तापमानावर, वाफ येणं थांबेपर्यंत. दमट घडी घालून पेटीत ठेवलेल्या कापडानेच खाज येते.

पडद्याला दार करा आणि दाराला आतून कडी. गच्चीच्या कुलपाच्या दोन चाव्या मुलींकडे राहू द्या, रेक्टर मॅडमकडे एक पुरे.